जुनी एअर सस्पेन्शनवाली की जुनी स्प्रिंगवाली? कोल्हापुरात राहून निवडताना

नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशात जुनी डिस्कव्हरी, रेंज रोव्हर स्पोर्ट किंवा मर्सिडीजची जीएल मिळते, हे एकदा कळलं की नव्या गाडीच्या शोरूममध्ये मन रमत नाही. समोर दुसरा पर्याय असतो तो बऱ्यापैकी चाललेल्या फॉर्च्युनरचा, किंवा नशिबानं धड सापडलीच तर प्राडोचा. पहिल्या गटात बहुतेक ठिकाणी एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे, दुसऱ्यात बहुतेक लोखंडी स्प्रिंग. इंजिन, गिअरबॉक्स, सीट यांचा अभ्यास तुम्ही केलेलाच असणार. मी फक्त चाक आणि बॉडी यांच्या मधल्या भागाबद्दल लिहितो, कारण माझा निर्णय तिथंच झाला.

मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा त्याची युरोपीय बनावटीची एअरवाली गाडी बराच काळ माझ्याकडं होती. विकायची ठरल्यावर त्यानं आधी मलाच विचारलं. मी नको म्हटलं आणि फॉर्च्युनर घेतली. तरीही एअरवालीचं चांगलं ते आधी सांगायला हवं, कारण ते खरोखर फार चांगलं आहे.

कळे-साळवणच्या पुढं गगनबावड्याचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो, हे इथल्या कुणाला सांगायला नको. त्या खड्ड्यांवरून ती गाडी अशी जायची की मागं बसलेल्यांच्या गप्पा तुटत नसत. बटण दाबलं की गाडी खाली बसायची आणि गुडघे दुखणारी माझी आई कुणाचा हात न धरता आत बसायची. आणि उंची! डिस्कव्हरी ४ चं उदाहरण घ्या: नेहमी जमिनीपासून १८५ मिमी, ऑफरोड उंचीला २४० मिमी, आणि ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता. फॉर्च्युनर २२० मिमीच्या आसपास, आणि ती तेवढीच राहते. १९९२ मध्ये रेंज रोव्हरनं हे तंत्र ऑफरोड गाड्यांत आणलं ते उगीच नव्हे. एकाच गाडीत हायवेचा आराम आणि चिखलातली उंची द्यायला याहून बरा मार्ग मला तरी माहीत नाही.

आता बिघाडाकडं. चार चाकांवर चार रबरी बेलो (आपले ट्रकवाले बलून म्हणतात), त्यात हवा भरणारा कंप्रेसर, हवेतला ओलावा शोषणारा ड्रायर, हवा वाटणारे व्हॉल्व्ह आणि प्रत्येक चाकाची उंची कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर. रबराचं वय किलोमीटरवर नाही, वर्षांवर मोजावं. घडीच्या जागी बारीक भेगा पडतात, हवा हळूहळू गळते, ती भरून काढायला कंप्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. नुसता कंप्रेसर बदलून घेणाऱ्यांचा नवाही त्याच वाटेनं जातो, कारण मूळ गळती तशीच राहिलेली असते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ड्रायरही लवकर थकतो, मग पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोचतं.

पण एवढ्यानं मी नको म्हटलं नसतं. बेलो मागवता येतो, कंप्रेसर मिळतो, खर्चाची तयारी ठेवता येते. माझं मन फिरलं ते उंचीच्या सेन्सरवर. त्याला बोटभर लांबीची एक दांडी असते. दाजीपूरच्या बाजूला एका कच्च्या रस्त्यावर दगड लागून ती मोडली. सेन्सर कुरिअरनं आला, उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी तो बघता बघता बसवलाही. गाडी मात्र एका कोपऱ्याला झुकलेलीच, आणि पिवळा दिवा जाईना. नव्या सेन्सरला कुठली उंची बरोबर ते शिकवावं लागतं, आणि त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारा स्कॅनर लागतो. मिस्त्री म्हणाले, "दादा, लोखंडाचं काय बी सांगा, करून देतो. ह्यात माझं काय चालत नाही."

ज्या गावात पंपापासून ऊस कारखान्याच्या सुट्या भागांपर्यंत काहीही ओतून, कातून मिळतं, तिथं गाडी सरळ उभी करायला माणूस मिळेना. स्कॅनरवाला पुण्यात, सुमारे २३० किलोमीटरवर, आणि त्याची तारीख मिळेपर्यंत वाट बघायची. झुकलेली गाडी हायवेनं न्यायची, नाहीतर अख्खी उचलून नेणारी गाडी बोलवायची. चाकांवर टोचन करून नेणं अशा वेळी धोक्याचं, कारण बॉडी खाली बसली असेल तर टायर आतून घासतात. काम तिथं चोख झालं, तक्रार काही नाही. पण त्यानंतर दाजीपूरला जायचं म्हटलं की मी दुसरी गाडी काढायला लागलो. ज्या रस्त्यासाठी गाडी ठेवायची, तोच रस्ता टाळायचा, हे मला पटेना.

स्प्रिंगवालीला दोष नाहीत असं नाही. रिकामी फॉर्च्युनर मागून आपटते. आंबा घाटाच्या वळणांवर झोलते. आईला पायदानावर आधार द्यावाच लागतो. आणि किंमत! तेवढ्याच पैशात जास्त चाललेली गाडी पदरात पडते, हे सोसायला अवघड जातं. पण शॉकअप, बुश, स्प्रिंग यांतलं काहीही गेलं तरी सकाळी गाडी लावून संध्याकाळी घेऊन येता येते, आणि तेही शहरातल्या कुठल्याही बऱ्या गॅरेजमधून.

एअर काढून स्प्रिंगचं किट बसवायचा मार्गही काहीजण घेतात. मला तो पटत नाही. उंची बदलायची सोय जाते, डॅशबोर्डवरच्या दिव्यांची वेगळी समजूत घालावी लागते, आणि ज्यासाठी ही गाडी निवडली तेच काढून टाकलेलं असतं.

तुमचं पुण्या-मुंबईला नेहमी जाणं असेल, घरात दुसरी गाडी असेल, तर एअरवाली जरूर बघा. फक्त बघायची रीत वेगळी ठेवा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिथल्या पासिंगच्या अशा गाड्या स्वस्तात दिसतात. त्यात एनओसी, इथला रोड टॅक्स आणि बारा महिन्यांच्या आत एमएच-०९ नंबर घेणं, हे सगळं धरूनच भाव करा. इथलीच गाडी असेल तर २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी तिला लागलं होतं का, हे विचारा. कंप्रेसर बऱ्याच गाड्यांत खालीच असतो, त्याच्या आसपास गाळ आहे का ते टॉर्च लावून बघा. ऑफरोड उंचीला चढवून बेलोच्या घड्यांवर साबणाचं पाणी मारा.

सगळ्यात महत्त्वाचं रात्रीचं. अशा कितीतरी गाड्या उभ्या असतानाही मधूनमधून जाग्या होतात आणि सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याला बाकीचे तीन जुळवून घेतात. त्यामुळं सकाळी चारही बाजू सारख्याच बसलेल्या दिसतात आणि गळका बेलो कोणता ते कळत नाही. विकणाऱ्याला विचारून सस्पेन्शनचा फ्यूज काढा, चारही चाकांवर जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्या आणि सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी पुन्हा मोजा. जो कोपरा खाली, तो बेलो गळका. एकच असेल तर भाव तोडून घ्यायला हरकत नाही. दोन असतील तर कंप्रेसरही दमला आहे असं धरून चाला.