गावातल्या घराचा प्लॅन पास करून घेतला, त्या ऑफिसबद्दल

पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत गावाकडं जागा आहे आणि घर बांधायचंय, अशा लोकांसाठी लिहितेय. घराचं ड्रॉइंग काढून मंजुरीची फाईल लावून देणारं हे खासगी ऑफिस. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे सांगते.

आमची जागा पाच गुंठे, पप्पांच्या नावावर. आधी आम्ही एका एजंटकडे गेलो होतो, नाव नाही घेत. तो म्हणाला सरपंचांचं ना हरकत पत्र घ्या, नमुना आठला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत) नोंद करा, झालं घर कायदेशीर. त्याला पैसे दिले, नोंदही झाली, आणि बँकेत होम लोनला गेलो तर मॅडमनी पहिलंच विचारलं, मंजूर नकाशा कुठाय? पप्पा तो आठचा उतारा पुढे करत राहिले. घरपट्टी लागली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं, हे त्या दिवशी कळलं.

मग मावसभावाने या ऑफिसचा पत्ता दिला. इथल्या सरांनी फी सांगायच्या आधी अर्धा तास नुसतं समजावलं. सातबारा, मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा, हद्दी दाखवणारा नकाशा) आणि झोनचा नकाशा (कुठली जागा कशासाठी वापरायची ते दाखवणारा) टेबलावर शेजारी शेजारी पसरले, लाल पेन्सिलने आमचा गट रंगवला आणि पप्पांना म्हणाले, "काका, नळ, कचरा, गल्लीतली लाईट आणि घरपट्टी ग्रामपंचायतीकडे. जागेवर काय बांधायचं, किती बांधायचं, रस्त्यापासून किती सोडायचं हे प्राधिकरणाकडे." २०१५ ला पीएमआरडीए झालं त्याआधी हेच काम कलेक्टर ऑफिसकडे होतं, त्यामुळे गावातले जुने लोक अजून तिकडेच पाठवतात.

आराखड्याचा घोळही त्यांनीच सोडवला. २०२१ ला प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा आला तेव्हा आमच्या बांधाला लागून रस्ता दिसत होता, पप्पांना किती दिवस झोप नव्हती, आणि मग २०२५ ला सरकारने तो आराखडाच रद्द केला. आता आधार परत १९९७ ला मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेचा. दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला अजून २०२१ चाच नकाशा दाखवून घाबरवत होते, इथे सरळ सांगितलं की आधी झोन दाखला काढू मग बोलू.

माझी आत्या वाघोलीला राहते, तिचं प्रकरण वेगळंच. ३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली त्यात वाघोली, सूस, मांजरी बुद्रुक हे सगळं आलं, पण पुढच्याच महिन्यात सरकारने त्या गावांसाठी नियोजनाचा अधिकार पीएमआरडीएला दिला. म्हणजे तेव्हा टॅक्स महापालिकेला आणि आराखडा प्राधिकरणाचा असं झालं. आत्यासाठी विचारलं तर सरांनी तेही नीट कागदावर लिहून दिलं, जास्तीचे पैसे न घेता.

विकास शुल्क भरताना मला खरंच वाईट वाटलं. ते जातं प्राधिकरणाकडे, आणि नवीन घरांचा कचरा आणि पाणी बघायचं त्या छोट्या ग्रामपंचायतीने. राज्यघटनेत महानगर नियोजन समिती आहे, पूर्ण महानगर क्षेत्राचा आराखडा तयार करणारी, तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले लोक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे असतात. गावाचं म्हणणं तिथं जोरात मांडलं गेलं पाहिजे, कारण रस्ता कुठून जाणार हे ज्याच्या शेतातून जातो त्याला शेवटी कळतं.

आता एक स्टार कापला ते. या ऑफिसने ड्रॉइंगवर पोहोच रस्त्याची रुंदी चुकीची टाकली, म्हणून फाईलला क्वेरी लागली आणि सव्वा महिना गेला. फोनही दुपारनंतरच उचलतात. पण चूक मान्य केली, सर स्वतः टेप घेऊन जागेवर आले, पप्पांनी एक टोक धरलं आणि मोजणीच्या दगडापासून परत माप घेतलं. नवीन ड्रॉइंगचे पैसे लावले नाहीत. झेरॉक्स आणि प्रिंटचे मात्र वेगळे द्यावे लागतात, आधी विचारून घ्या.

जाताना सातबारा ताजा काढून न्या, क प्रत नसेल तर आधी मोजणीला अर्ज करा, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. आमचं जोत्याचं काम परवा सुरू झालं, जोता तपासणीलाही यांनाच सांगितलंय.