मुंबईत भौतिकशास्त्र शिकायचे असेल तर: कॉलेजची बी.एस्सी., कलिन्याचे सीईबीएस की पवई?

डोंबिवलीत आमच्या समोरच्या इमारतीत राहणाऱ्या एका मुलीने बारावी विज्ञानाची परीक्षा दिली आणि पुढे आपल्याला फिजिक्सच करायचे आहे, इंजिनिअरिंग नको, असे घरी सांगून टाकले. तिचे वडील त्यानंतर लागोपाठ दोन रविवार माझ्याकडे येऊन बसले. सल्ल्यांची त्यांच्याकडे कमतरता नव्हती. कोणी ‘रुईयाला घाला’ म्हटले होते, कोणी ‘कलिन्याला ते अणुऊर्जावाल्यांचे काहीतरी आहे’ असे सांगितले होते, आणि मेहुण्यांचे म्हणणे होते की पवई मिळत नसेल तर या भानगडीत पडूच नये. हे तिन्ही पर्याय शेजारी-शेजारी ठेवून मात्र कोणी पाहिले नव्हते. मी स्वतः मुंबईतल्या एका कॉलेजातून बी.एस्सी. झालो आणि गेली बरीच वर्षे याच विषयाच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे माझे पारडे कॉलेजकडे किंचित झुकलेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला मार्ग म्हणजे रुईया, रुपारेल, सेंट झेवियर्स, विल्सन, सोमय्या यांसारख्या संलग्न किंवा स्वायत्त कॉलेजांतील बी.एस्सी.; फोर्टमधील १९२० सालची विज्ञान संस्था, जी आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे, तीही याच गटात मोडते. दुसरा मार्ग म्हणजे मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ साली कलिन्याच्या विद्यानगरीत सुरू केलेले मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्र, ज्याला सगळे सीईबीएस म्हणतात आणि जिथे बारावीनंतर थेट पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी. होते. तिसरा मार्ग पवईच्या आयआयटी मुंबईतील इंजिनिअरिंग फिजिक्स या शाखेचा, चार वर्षांच्या बी.टेक.चा. कुलाब्याच्या टीआयएफआरचे, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, नाव या चर्चेत हमखास निघते, पण तिथे बारावीनंतर प्रवेश नाही, तिथला एम.एस्सी.-पीएच.डी.चा एकात्मिक कार्यक्रम बी.एस्सी.नंतरचा आहे, तेव्हा ते नाव तूर्त बाजूला ठेवावे.

प्रवेशाच्या दृष्टीने तिघांत मोठे अंतर आहे. बी.एस्सी.ला बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर यादी लागते आणि नामवंत कॉलेजांतही भौतिकशास्त्राकडे वळणाऱ्यांची संख्या बेताची असल्याने बऱ्यापैकी गुणांच्या मुलाला जागा मिळते. सीईबीएससाठी नेस्ट ही परीक्षा द्यावी लागते, जी भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेसाठीही तीच असते. बारावीत खुल्या गटाला किमान ६० टक्के लागतात, आणि इथे सर्व विषय मिळून जेमतेम साठेक जागा आहेत. पवईसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते.

आता शिकवण्याकडे वळतो, कारण खरा फरक इथे आहे आणि पालक नेमके हेच विचारत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बी.एस्सी.च्या सत्राला वीस-बावीस श्रेयांक असतात, आणि पहिल्या वर्षी त्यांतला मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, वाटा मुलांच्या अपेक्षेपेक्षा बराच लहान असतो. उरलेली जागा मायनर म्हणजे दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांच्यात वाटली जाते. याचा अर्थ असा की ‘फिजिक्स करायचे’ म्हणून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षी आठवड्यातून थोडेच तास फिजिक्स मिळेल आणि तिचा हिरमोड होईल. या रचनेत एकच निवड फार महत्त्वाची ठरते, ती म्हणजे मायनर गणित घेण्याची. तिसऱ्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्स सुरू होते तेव्हा अवकल समीकरणे, रेषीय बीजगणित आणि थोडे संमिश्र विश्लेषण हाताशी नसेल, तर मुले श्रोडिंगरचे समीकरण पाठ करून लिहितात आणि उत्तीर्णही होतात, पण त्यांच्या हाती काही लागत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी दोन गोष्टी विभागात जाऊन विचाराव्यात: फिजिक्स मेजरसोबत गणित मायनर वेळापत्रकात खरोखर बसते का, आणि गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला फिजिक्सचा वर्ग भरला होता का. माहितीपत्रकात विषय असणे आणि तिसऱ्या वर्षी तो चालणे यांत काही कॉलेजांत तफावत पडते.

सीईबीएसमध्ये उलट चित्र आहे. पहिले वर्ष सर्वांनाच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय असतात, त्यामुळे अकरावीत जीवशास्त्राला रामराम ठोकलेल्या मुलाला पेशी आणि जनुके पुन्हा उघडावी लागतात. मात्र दुसऱ्या वर्षापासून आपल्या विषयाची जी धार लागते ती थांबत नाही. केंद्राच्या स्वतःच्या अध्यापकांबरोबर टीआयएफआर, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), आयआयटी आणि विद्यापीठातील शास्त्रज्ञ येऊन शिकवतात. आपण शिकवतो त्या विषयावर आज काम करणारा माणूस समोर उभा असणे ही चैन कॉलेजात क्वचितच मिळते, जरी असा प्रत्येक जण चांगला शिक्षक असतोच असे नाही. शिवाय वर्गात मोजकी मुले असतात आणि ती सगळी त्याच नादाला लागलेली असतात. माझ्या मते सीईबीएसची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे. कॉलेजात मला संध्याकाळ मोकळी मिळत असे, पण अडलेले गणित कोणापाशी घेऊन जावे हे कळत नसे. कलिन्याला शिकलेल्या विद्यार्थ्यांची तक्रार याच्या बरोबर उलटी असते, की अडचण विचारायला दहा जण होते पण झोपायला वेळ नव्हता.

प्रयोगशाळेबद्दल एक अनुभव सांगतो. माझ्या कॉलेजात न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग होता आणि दोन बॅचना मिळून सोडियमचा एकच दिवा धड चालत असे. प्रयोग दिसायला सोपा आहे. काचेच्या सपाट पट्टीवर बहिर्वक्र भिंग ठेवायचे, वरून पिवळा प्रकाश पाडायचा, सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या काळ्या कड्यांचे व्यास मोजायचे, व्यासाच्या वर्गाचा कड्याच्या क्रमांकाशी आलेख काढायचा. सरळ रेषा येते आणि तिच्या चढावरून भिंगाची वक्रता किंवा प्रकाशाची तरंगलांबी निघते. वक्रता-त्रिज्या एक मीटर असेल तर दहाव्या कड्याचा व्यास जेमतेम पाच मिलिमीटर भरतो, म्हणून स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवावा लागतो, नाहीतर त्याच्या ढिलाईमुळे, ज्याला आम्ही बॅकलॅश म्हणायचो, सगळी वाचने बिघडतात. मी अर्ध्यात उलट फिरलो आणि तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉमऐवजी सहा हजारांच्या पलीकडे आली. पुन्हा वाचने घ्यायला दिवा मोकळा नव्हता, जर्नल सर्टिफाय करून घेण्याची तारीख जवळ होती, आणि पुढच्या बाकावरच्या मुलाने ‘उत्तरावरून मागे जा’ असा सल्ला दिला, जो मी ऐकला. त्या जर्नलवर सही झाली. बॅकलॅश मला कळला तो दुसऱ्या वर्षी, वेगळ्याच उपकरणावर. ज्या प्रयोगशाळेत बॅचेस लहान असतात आणि चुकल्यावर तोच प्रयोग पुन्हा करू देतात, ती जागा निम्म्या निकषांवर आधीच जिंकलेली असते. या बाबतीत सीईबीएस आणि पवई पुढे आहेत, पण काही कॉलेजांचे विभागही दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवतात, तेव्हा नावावर न जाता प्रत्यक्ष पाहून यावे.

परीक्षांचा स्वभावही लक्षात घ्यावा, कारण कॉलेजातून पुढे जाणाऱ्याला तो अचानक बदलतो. विद्यापीठाच्या धाटणीच्या प्रश्नपत्रिकेत ‘अनंत विभवकूपातील कणाच्या ऊर्जेचे सूत्र काढा’ असा प्रश्न येतो आणि ज्याने ते पाच वेळा लिहिले आहे त्याला पूर्ण गुण मिळतात. एम.एस्सी.साठी आयआयटी जी जॅम परीक्षा घेतात, तिच्यात तीन तासांत १०० गुणांचे ६० प्रश्न असतात आणि तोच विषय असा विचारला जाऊ शकतो: कण मूलस्थितीत असताना एक भिंत झटकन मागे सरकून कूप दुप्पट रुंद झाला, तर कण नव्या मूलस्थितीत सापडण्याची संभाव्यता किती? उत्तर ३२ भागिले ९π² म्हणजे सुमारे ०.३६ येते. गणित दोन ओळींचे आहे, पण भिंत सरकल्याच्या क्षणी तरंगफलन बदलत नाही ही गोष्ट ज्याने स्वतःशी घोळवलेली नाही त्याला पहिली ओळच सुचत नाही. कॉलेजच्या मुलाला दुसऱ्या वर्षापासून असे प्रश्न बाजूला सोडवत राहावे लागतात, आणि हा अभ्यास त्याचा त्यालाच करावा लागतो.

ही उणीव भरून काढायला मुंबईत जागा आहेत, हे मात्र कॉलेजच्या पारड्यात टाकले पाहिजे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून ‘नियस’ हा उपक्रम चालवते. पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतील निवडक विद्यार्थी तिथे शिबिराला जातात आणि पुढे छोटे संशोधन-प्रकल्प करतात. देशभरातून मुले निवडली जातात, पण हार्बर लाइनवर राहणाऱ्याला मानखुर्द म्हणजे एका लोकलचा प्रवास. टीआयएफआरची मंडळी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये ‘चाय अँड व्हाय’ नावाने सर्वांसाठी विज्ञानगप्पा करतात, तिथे जायला परीक्षाही लागत नाही.

पवईबद्दल थोडक्यात. इंजिनिअरिंग फिजिक्सचा अभ्यासक्रम कसदार आहे, दुसऱ्या विभागांतून मायनर घेता येतो, आणि पदवीवर बी.टेक. लिहिलेले असल्याने विषयावरून मन उडाले तरी नोकरीचे रस्ते खुले राहतात. पण तिथे पोहोचायला अकरावी-बारावीची दोन वर्षे क्लासच्या चरकात घालावी लागतात, आणि त्या वर्गातील काही मुले तरी कॉम्प्युटर सायन्स हुकले म्हणून आलेली असतात. केवळ भौतिकशास्त्राच्या ओढीने कोणी जेईईच्या मागे लागावे, असे मला वाटत नाही. पवईची दोन वर्षांची एम.एस्सी. जॅममधून मिळते, त्यामुळे बी.एस्सी. करून तीन वर्षांनी त्याच आवारात जाण्याची वाट बंद होत नाही. मेहुण्यांना हे ठाऊक नव्हते.

पैशाचे गणित असे आहे. अनुदानित बी.एस्सी.ची फी काही हजारांत बसते. सीईबीएसच्या विद्यार्थ्यांना अणुऊर्जा विभागाच्या ‘दिशा’ योजनेतून वर्षाला ६०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आणि उन्हाळी प्रकल्पासाठी २०,००० रुपये मिळू शकतात. आपल्या बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो, जिची रक्कम वर्षाला ८०,००० रुपये आहे, ती बी.एस्सी.ला मिळते, बी.टेक.ला मिळत नाही. पवईत खुल्या गटाला सत्राला एक लाख रुपये शिकवणी शुल्क आहे, मात्र अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते माफ असते, एक लाखापेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांनाही माफ, आणि एक ते पाच लाख उत्पन्न असेल तर दोन-तृतीयांश माफ.

पुढचे काय, या प्रश्नावर वडिलांचा सगळा जीव अडकलेला होता. केवळ बी.एस्सी. फिजिक्सवर विषयातली नोकरी मिळणे अवघड आहे; बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांसाठी ती पदवी पुरते, शाळेत शिकवायला बी.एड. लागते, कॉलेजात शिकवायला एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. बीएआरसीचे १९५७ पासून चालत आलेले ट्रेनिंग स्कूल हे मुंबईकर फिजिक्सवाल्यांचे जुने स्वप्न आहे, आणि सीईबीएसच्या ठरावीक गुणांवरील विद्यार्थ्यांना तिथल्या मुलाखतीला थेट बोलावले जाते. इतरांना आधी चाळणी पार करावी लागते. कॉलेजच्या बाजूने सांगायचे तर चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असतील तर आता एम.एस्सी.शिवायही पीएच.डी.साठी पात्र होता येते, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेर विषय नकोसा झाला तर पदवी हातात घेऊन बाहेर पडता येते. पाच वर्षांच्या कार्यक्रमात शिरताना ही मोकळीक कितपत आहे ते कार्यालयात विचारून लेखी घ्यावे. सतराव्या वर्षी ज्याला आपल्या निवडीची खात्री आहे त्याने कलिना निवडावे, ज्याला नव्वद टक्के खात्री आहे त्यानेही. त्याहून कमी असेल तर कॉलेज बरे.

या मुलीने नेस्ट दिली होती आणि निकाल यायचा होता. निकालाची वाट पाहत कॉलेजची जागा सोडू नका, पहिल्या यादीत नाव लागले तर फी भरून ठेवा, फक्त मायनर गणितच आहे ना ते पावतीवर पाहून घ्या, असे मी तिच्या वडिलांना सांगितले. तिसऱ्या रविवारी ते पावती घेऊन आले. चष्मा लावून आम्ही दोघांनी ती वाचली. मायनरच्या रकान्यात रसायनशास्त्र छापलेले होते, आणि बदल करून घेण्याची मुदत सोमवारी दुपारी दोनपर्यंत होती.