तानपुऱ्याच्या डब्यासोबत सात महिने

पन्नाशीत गाणं शिकायला बसलो, तर गुरुजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "पेटीचं नंतर बघू. आधी तानपुऱ्यावर सा लावा." आमच्या दोन खोल्यांत खरा तानपुरा ठेवायचा कुठं? म्हणून हा इलेक्ट्रॉनिक डबा घेतला. रोज पहाटे अर्धा तास, असे सात महिने झाले.

सात शुद्ध, रे-ग-ध-नी हे चार कोमल आणि तीव्र म, मिळून 12 स्वर. हे शाळेपासून पाठ होतं, पण सा म्हणजे पेटीची पहिली पांढरी, असंच डोक्यात बसलेलं. गुरुजींनी माझी पट्टी, म्हणजे माझ्या सा ची जागा, काळी एक (पेटीची पहिली काळी) ठरवली. बायको गुणगुणते काळी पाचमध्ये. डब्याची सूर लावायची खुंटी फिरवली की सा सरकतो, बाकीचे स्वर त्याच्या मागोमाग. एवढी साधी गोष्ट कळायला आठवडा गेला.

खरी मजा गंधाराची, म्हणजे ग या स्वराची. भूप रागाचे सा रे ग प ध घोकत होतो. एकदा नुसताच ऐकत बसलो, तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून बारीकसा ग येतोय, कुणी न छेडता! मग शेजारची पेटी आणून तिचा ग लावून पाहिला. चढा लागला. पेटीत सप्तकाचे 12 समान भाग केलेले असतात. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप. सप्तक 1200 सेंटचं धरलं, तर तारेतला ग पेटीच्या गपेक्षा सुमारे 14 सेंट उतरा. 1940 पासून आकाशवाणीवर पेटीला तीसेक वर्षं बंदी होती, त्यामागे सुरांची ही तक्रारही होती. बिचारी पेटी! मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, तर तिला जमतच नाही.

मालकंस रागात पंचम (प) नसतो, तेव्हा पहिली तार मध्यमाला (म) लावायची. डब्यावर त्यासाठी बटण आहे. मी दोन दिवस पंचमावरच गात होतो. गुरुजी नुसते हसले.

तक्रारी आहेत. आवाज पूर्ण चढवला की स्पीकर खरखरतो. तालाची सोय नाही. तीनतालाच्या 16 मात्रा हातावरच मोजतो आणि नवव्या मात्रेची खाली (जिथं टाळी द्यायची नसते) अजून चुकते. फोनवरच्या ॲपनं काम भागेल का, तर हेडफोन असेल तर भागेल. फोनच्या स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे खुंटी. जरा धक्का लागला की सूर हलतो. सध्या तिच्याभोवती नेलपॉलिशच्या दोन खुणा केल्यात: पांढरी माझी, लाल बायकोची.