इमॅटिनिब, निलोटिनिब की डासाटिनिब?

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं की हा प्रश्न लगेच समोर येतो. तिन्ही गोळ्यांचा रोख एकाच प्रथिनावर आहे: बीसीआर-एबीएल किनेज. किनेज एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवतं. पेशीला वाढीचा निरोप असाच पोचतो. एबीएल एरवी गरजेपुरतंच जागं होतं. पण 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की त्याला बीसीआर या दुसऱ्या प्रथिनाचा तुकडा चिकटतो, आणि मग ते थांबतच नाही.

इमॅटिनिब (2001) किनेज मिटलेलं, म्हणजे निष्क्रिय, असताना एटीपीच्या खोबणीत जाऊन बसतं. निलोटिनिबही तिथेच, पण जास्त घट्ट. डासाटिनिब जाग्या रूपालाही धरतं.

नव्या दोन्ही गोळ्यांनी आजार लवकर आणि जास्त प्रमाणात ओसरतो, हे खरं. म्हणून निदानाच्या वेळी काढलेला आजाराच्या धोक्याचा स्कोअर जास्त असेल, किंवा वय कमी असून पुढेमागे औषध थांबवायची आशा असेल, तर मी त्यांच्याकडे झुकेन. पण एकूण आयुर्मानात इमॅटिनिबपेक्षा मोठा फरक चाचण्यांत दिसला नाही. उतारवयात, कमी धोक्याच्या आजारात मला इमॅटिनिबच बरं वाटतं. पापण्या सुजतात, पायात गोळे येतात, तरी त्याचा अनुभव सर्वांत जुना आहे.

खरा निर्णय बहुतेकदा तुमच्या इतर दुखण्यांवर ठरतो. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर निलोटिनिब जपून: साखर वाढते, धमन्या अरुंद होऊ शकतात, ईसीजी पाहावा लागतो. नेहमीच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा, आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं ठेवून घ्यायच्या. हे वर्षानुवर्षं जमेल का, हे घरच्यांसोबत बसून मोकळेपणानं बोला. फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर डासाटिनिब नको, छातीत पाणी साठतं. ते दिवसातून एकदाच घ्यायचं असतं, पण ॲसिडिटीच्या गोळ्यांनी त्याचं शोषण घटतं. डॉक्टरांना त्या गोळ्यांबद्दल आवर्जून सांगा.

कुठलीही निवडलीत तरी तिसऱ्या महिन्याची पीसीआर, म्हणजे रक्तातलं बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजणारी चाचणी, चुकवू नका. बीसीआर-एबीएल 10 टक्क्यांच्या वर असेल तर आधी डोस चुकले का ते पाहतात, मग म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, तपासतात. प्रथिनाच्या साखळीत 315 व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन आलं असेल, तर खोबणीच्या तोंडाशीच अडसर बसतो आणि या तिघींपैकी एकही चालत नाही. तेव्हा पोनॅटिनिब हे औषध, किंवा वेगळ्याच खोबणीत बसणारं ॲसिमिनिब.