स्पर्धेचा ‘जर्मन’ गळपट्टा

मागच्या जूनमध्ये मी कुत्र्याच्या एका गळपट्ट्यासाठी ६,८०० रुपये मोजले. पट्टा आता पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय. हरणीच्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली, रुपयाएवढ्या जागेवर अजून केस आलेले नाहीत. आपल्या कुत्र्याला ओबीडियन्स (आज्ञा पाळणं) किंवा अ‍ॅजिलिटीच्या (अडथळे पार करणं) स्पर्धेत उतरवायची ज्यांची इच्छा आहे त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

हरणी कारवान जातीची, मामांच्या पंढरपूरजवळच्या मळ्यातली. तीन महिन्यांची असताना मामांनी स्वतः पुण्याला आणून दिली. कारवान ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना माहीत असेल, या कुत्र्यांची मान लांब, डोकं मानेहून फारसं रुंद नाही, कातडी पातळ आणि केस अगदी आखूड. साधा बकलाचा पट्टा जरा सैल राहिला की ती दोन पावलं मागे सरकते, मान खाली घालते आणि मोकळी होते. आवळून बांधला तर ठसका लागतो. सिंहगड रोडवर दोनदा अशी निसटली. दुसऱ्यांदा रिक्षावाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून वाचली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी उठून मी ट्रेनर शोधायला लागले.

ओळखीतून एक नंबर मिळाला. गृहस्थ घरी आले. मोबाइलवर कप आणि रिबिनींचे फोटो होते, बोलणं गोड होतं. हरणीला त्यांनी चालवूनसुद्धा पाहिलं नाही. पाच मिनिटं लांबूनच बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, हिला कॉम्पिटिशनला न्यायचंय ना? मग हा पट्टा आजच काढा. तिथे जर्मन कॉलर कंपल्सरी असते. त्याशिवाय एंट्रीच घेत नाहीत.” बॅगेतून चकचकीत खोका निघाला. आत काट्यांची प्राँग कॉलर. “३०४ ग्रेड स्टेनलेस. जर्मन पोलीस हेच वापरतात. बाहेर नऊ हजारांच्या खाली मिळणार नाही.” बिल विचारलं तर “उद्या व्हॉट्सअ‍ॅप करतो”. आमचे हे आतून म्हणत होते, आधी बिल घे. मी तोपर्यंत यूपीआयने पैसे पाठवलेसुद्धा होते, वर आठ क्लासचे ५,००० अ‍ॅडव्हान्स.

जे लोक असा पट्टा वापरतात, तेही तो कानांच्या लगेच मागे, वर, न घसरेल असा बसवतात. हे मला नंतर कळलं. या गृहस्थांनी तो मानेच्या तळाशी सैल टाकला आणि लीशला, म्हणजे पट्ट्याला अडकवलेल्या दोरीला, हिसके द्यायला सुरुवात केली. प्रत्येक हिसक्याला काटे कातडीवरून घासत जायचे. हरणी पहिल्या दिवशी ओरडली. दुसऱ्या दिवशी ओरडली नाही, नुसती बसून राहिली. “बघा, शांत झाली,” असं ते म्हणाले, आणि मला ते खरं वाटलं. ती शांत झाली नव्हती, घाबरून गोठली होती.

तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि पट्ट्याचा मुलामा कडेने सुटायला लागला. एका संध्याकाळी हरणीने मांजरामागे झेप घेतली आणि एक कडी उघडून अख्खा पट्टा खळ्ळकन रस्त्यावर पडला. ती कालव्याच्या दिशेने सुसाट. चाळीस मिनिटांनी सापडली. घरी आणून मान पुसायला घेतली तेव्हा टॉवेलला रक्त लागलं. केसांखाली दोन जखमा होत्या आणि त्यातली एक चिघळायला लागली होती.

डॉक्टरांनी तिथले केस काढले, जखम धुतली आणि दहा दिवस गळ्यात काहीही घालायचं नाही, फक्त हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायचा पट्टा, असं सांगितलं. मग त्यांनी तो पट्टा हातात घेतला आणि कापसाचा बोळा काट्यांच्या टोकांवरून फिरवला. जवळजवळ प्रत्येक टोकाला कापसाचे तंतू अडकले. “टोकं घासून गोल केलेलीच नाहीत. तार कापली आणि तशीच वाकवली.” घरी येऊन मी फ्रीजवरचं लोहचुंबक लावून पाहिलं. ३०४ स्टीलला चुंबक जवळजवळ धरत नाही, याला खाट्कन चिकटलं. पुढच्या आठवड्यात बाजारात तोच खोका दिसला, त्याच छपाईचा. किंमत ४५० रुपये.

मग मी जिथे नाव द्यायचं होतं त्या स्पर्धेच्या आयोजकांनाच फोन केला. हा फोन मी पहिल्या दिवशी करायला हवा होता. त्यांनी सांगितलं, काट्यांचा किंवा विजेचा पट्टा रिंगणात चालतच नाही. श्वानसंस्थांची जागतिक संघटना एफसीआय हिची आयजीपी नावाची कुत्र्यांची अवघड परीक्षा आहे, २०१९ पर्यंत तिला आयपीओ म्हणत. तिथेही कुत्र्याच्या गळ्यात साधी, सैल, एकपदरी साखळी असते आणि लीश न आवळणाऱ्या कडीत अडकवतात. जर्मनीचं नाव सांगून मला विकलं, त्या जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून कुत्र्याला शिकवताना काट्यांचे पट्टे वापरायला कायद्याने बंदी आहे. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं.

गृहस्थांना फोटो पाठवले. “तुमची कुत्रीच हट्टी आहे” असं उत्तर आलं, आणि त्यानंतर नंबर ब्लॉक. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बिल नाही, म्हणून यूपीआयची पावती, चॅट आणि डॉक्टरांचा कागद एवढ्यावरच माझी भिस्त आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

तुमच्याकडे कोणी असा पट्टा घेऊन आलं तर आधी कुत्र्याला त्याच्यासमोर चालवा. चाल न बघता, मान न मोजता जो वस्तू काढतो त्याच्याकडून घेऊ नका. “स्पर्धेत कंपल्सरी” हे शब्द ऐकले की आयोजकांकडून नियम लेखी मागवा. बिलावर वस्तूचं नाव आणि धातू लिहून घ्या. चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, हिच्याबद्दलही एक सांगते. कुत्रा डावीकडे चालत असेल तर ती इंग्रजी ‘पी’ अक्षरासारखी धरून गळ्यात घालायची असते. उलटी घातली तर ओढ संपल्यावरही सैल होत नाही, गळा आवळलेलाच राहतो. मी बागेत कितीतरी कुत्र्यांच्या गळ्यात ती उलटी पाहिली आहे. कारवान, मुधोळ यांच्यासारख्या पातळ कातडीच्या कुत्र्यांना तर ती नकोच.

हरणीला आता मार्टिंगेल आहे, दोन इंच रुंद, मऊ कापडी पट्टीचा. मोठा वेढा आणि त्याला जोडलेला छोटा वेढा. ओढ बसली की छोटा वेढा मोठ्याला मानेपुरताच आवळतो, त्यापुढे नाही. माप शिवणाच्या टेपने कानांच्या मागे घ्यायचं, हरणीचं १३ इंच भरलं. छोटा वेढा पूर्ण ओढल्यावर मोठ्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकायला नकोत, मध्ये दोन बोटं अंतर हवं. टेकल्या तर पट्टा सैल आहे, कुत्रं निसटणारच. हरणी घरात एकटी असताना मी तो काढून ठेवते, कारण छोटा वेढा कशातही अडकू शकतो. अ‍ॅजिलिटीच्या सरावातही पट्टा काढते. बोगद्यात किंवा अडथळ्याच्या दांडीत कडी अडकली तर मानेलाच झटका बसतो.

नवीन ताई शिकवायला येतात. त्यांनी पहिले दोन क्लास लीशला हातही लावला नाही, फक्त उकडलेल्या चिकनचे तुकडे आणि “हरणी, इकडे” एवढंच. परवा ती बागेतून माझ्या गुडघ्याला लागून पूर्ण फेरी चालली.

पण धातूची साखळी खळखळली की अजूनही उठून दिवाणाच्या मागे जाते. आमच्या फाटकाच्या साखळीला मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे. शेजारच्या काकूंनीही त्यांच्या फाटकाला तशीच गुंडाळून घेतली.