चेना हॉट स्प्रिंग्स, अलास्का: तळ्यात डुंबाच, पण पॉवर प्लांट बघितल्याशिवाय परत येऊ नका

फेअरबँक्सहून गाडीनं तास-दीड तास, चेना हॉट स्प्रिंग्स रोड जिथे संपतो तिथेच रिसॉर्ट. मार्चमध्ये आईबाबांना घेऊन दोन रात्री राहिलो. लोक येतात नॉर्दर्न लाइट्स आणि गरम पाण्याच्या तळ्यासाठी, आणि तळं भारीच आहे, केसांवर बर्फ धरतो आणि गळ्यापर्यंत छान ऊब. पण माझे पाच स्टार झऱ्याच्या गरम पाण्यावर वीज करणाऱ्या पॉवर प्लांटच्या टूरला.

इथे ग्रिडची लाइन पोचतच नाही. आधी सगळं डिझेलवर, युनिटला ३० सेंटच्या आसपास पडायचे. झऱ्याचं पाणी ७४ अंश, म्हणजे उकळतही नाही, मग टर्बाइन फिरणार कशानं? तर त्या पाण्यावर आर-१३४ए उकळवतात, गाडीच्या एसीत असतो तोच गॅस, त्याची वाफ टर्बाइन फिरवते आणि पुढे ४ अंशाच्या गार पाण्यानं तिचा परत द्रव होतो. एसी उलटा चालवल्यासारखंच, आणि मशीनचे बरेच पार्टही खरंच एसीच्या चिलरचे आहेत. मालक बर्नी कार्ल यांनी २००६ मध्ये २०० किलोवॅटची दोन युनिटं बसवली आणि खर्च पाच-सात सेंटवर आला. उष्णतेतला जेमतेम ८ टक्के भाग वीज होतो, पण गरम पाण्यावर खोल्या तापतात, बाहेर कडाक्याची थंडी असताना ग्रीनहाउसमध्ये लेट्यूस-टोमॅटो पिकतात, आणि बर्फाचं म्युझियम भर उन्हाळ्यात वितळू नये म्हणून जो चिलर आहे तोसुद्धा याच उष्णतेवर चालतो. उष्णतेनं बर्फ राखायचा! बाबा तिथून हलेनात.

आई दापोलीकडची, ती लगेच म्हणाली, "अरे, आपल्या उन्हवऱ्याचं पाणी काय कमी कढत आहे का?" नाहीये, उन्हवऱ्याच्या गरम झऱ्याचं पाणीही ७० च्या आसपास आहे. पण इथली खरी कमाई गार पाण्याची आहे, वीज मिळते ती दोन पाण्यांमधल्या फरकातून, आणि कोकणातला ओढा काही ४ अंशावर येत नाही. मशीन तिथेही फिरेल पण वीज बरीच कमी देईल. मला विचाराल तर उन्हवऱ्यात आधी ती ऊब वापरावी, काजू, आमसुलं वाळवायला, ऐन पावसात जेव्हा ऊन नसतं तेव्हा तर हवीच. आईला हे पटलं, रात्री जेवताना ती बाबांशी त्याचाच हिशेब मांडत होती.

मुलं बरोबर असतील तर एक लक्षात ठेवा, बाहेरच्या तळ्यात १८ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, त्यांच्यासाठी आत वेगळा पूल आहे. आणि फेअरबँक्समध्येच टाकी फुल करून निघा.