काकवीचा सॅल्मन: तवा की ओव्हन?

कामावरून सातला घरी आल्यावर मी तवाच काढते. फ्रोझन तुकडा सकाळीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, रात्री फडक्याने कोरडा टिपायचा. (रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण तो मासा वेगळा.) कातडी खाली, मध्यम आच, ५-६ मिनिटं, कडेचा केशरी रंग फिका होत वर चढताना दिसतो. मग उलटायचा. आपल्या कोल्हापूरची काकवी, सोया सॉस, लसूण हे सगळं शेवटच्या मिनिटालाच. आधी घातलं तर काकवी करपते, कडू लागते. कातडी मात्र पापडासारखी कुरकुरीत!

ओव्हनमध्ये २०० अंशांवर १२ मिनिटं, शिवाय तो तापायला दहा. कातडी मऊच राहते. पण पाहुणे आले, सहा तुकडे एकदम हवे असले, तर ओव्हनच बरा.